खंडेनवमीला बंद पडलेले आवाज

कुंकवानं सर्व्हर मरत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दसऱ्याला भेटलेल्या प्रत्येक शहाण्यानं मला कुंकवाचंच कारण ऐकवलं आणि माझं डोकं फिरवलं.

इचलकरंजीत यंत्राची पूजा होणार म्हणजे होणार. मागाची होते, बॉयलरची होते, रिक्षाची होते, मग आमच्या सर्व्हरनं काय घोडं मारलंय? खंडेनवमीला सकाळी आम्ही तो रीतसर बंद करतो, कोरड्या फडक्यानं पुसतो, बाहेरच्या पत्र्याला हळदकुंकवाची बोटं लावतो, झेंडूचा हार घालतो. नारळ खोलीबाहेर उंबऱ्याशी फोडायचा, आणि तो चेअरमन बशीरचाचा मुल्लाणींनीच फोडायचा, हा संस्थेचा रिवाज. मग पेढे वाटायचे आणि बटण दाबायचं. वर्षातून तेवढीच त्याला विश्रांती. एरवी बंद करायची आमची छाती होत नाही, कारण तीनेकशे माणसांचं बोलणं त्याच्यावर चालतं.

त्या वर्षी बटण दाबलं, पंखे फिरले, हिरवे दिवे लागले, आणि डेटाबेस काही उठला नाही.

बोलणं चालतं म्हणजे काय, ते सांगते. आमची संस्था कंठपट्टीवाल्यांची. कुणाचं तंबाखूनं, कुणाचं गुटख्यानं, माझ्या आईचं मिसरीनं स्वरयंत्र गेलं. डॉक्टरांनी कापून काढलं आणि माणूस वाचला, पण मुका झाला. गंमत अशी की स्वरयंत्र गेलं तरी मेंदू हुकूम सोडायचा थांबत नाही. ‘पाणी दे’ म्हणायचं मनात आलं की जबड्याच्या, जिभेच्या, मानेच्या स्नायूंपर्यंत विजेची बारीकशी लहर जातेच. गळ्याभोवतीची पट्टी ती लहर कातडीवरूनच टिपते, तिचा शब्द लावते, आणि त्या माणसाच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून घडवलेल्या त्याच्याच आवाजात तो शब्द बोलते.

पण प्रत्येकाची लहर वेगळी. आईचा ‘पाणी’ आणि बशीरचाचांचा ‘पाणी’ यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे प्रत्येकाचा एक नकाशा असतो, कुठली लहर म्हणजे कुठला शब्द याचा. तोही रोज थोडा सरकतो, कारण ऑपरेशनचे वण आखडतात, माणूस वाळतो, सुजतो. हे नकाशे आमच्या सर्व्हरवर. पट्टी रोज सकाळी तिथून ताजा नकाशा मागून घेते आणि दिवसभर त्यावर चालते. मिळाला नाही, तर भलतंसलतं बोलण्यापेक्षा ती गप्प बसते.

म्हणजे नवमीला सगळे बोलत होते. दसऱ्याच्या सकाळी सगळे मुके होणार होते. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संस्थेची विशेष सर्वसाधारण सभा होती, विषय एकच: हा सर्व्हर बंद करून सगळे नकाशे पट्ट्या बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीच्या केंद्रात द्यायचे की नाही. एकदा दिले की परत मिळणार नव्हते, तसं करारातच होतं. आता मुकी माणसं सभेत ‘नाही’ कशी म्हणणार होती, सांगा.

सर्व्हर सांभाळते मी, वृषाली मगदूम. कंपनीनं आमच्यासाठी नेमलेला इंजिनिअर साकेत नाईकनवरे. नवमीला दुपारी मी त्याला फोन केला.

“मॅडम, तुम्ही परत त्याला कुंकू लावलंत?”

“बाहेरून लावलंय.”

“आत गेलं असणार. डिस्क खराब झाली. डेटा करप्ट. मी तुम्हाला आधीपासून सांगतोय, हे असलं लोकल लेव्हलला ठेवू नका.”

“डिस्क ठणठणीत आहे. मी तपासली.”

“मग नारळाचं पाणी.”

मी फोन ठेवला. ठेवला कसला, आपटला. तरी त्याचं ऐकून मी सर्व्हर उघडला, एकेक भाग ब्लोअरनं साफ केला. चिमूटभरही कुंकू निघालं नाही. पुन्हा चालू केला. मशीन उठलं, डेटाबेस तसाच. त्याचं एकच रडगाणं: माझा डेटा जिथं आहे तो फोल्डर मला उघडता येत नाही, परवानगी नाही.

अरे, परवानगी नाही काय? घर तुझं, कुलूप तुझं, किल्ली तुझी! मी सगळे हक्क दोनदा तपासले, सगळं जिथल्या तिथं होतं. आदल्या दिवशीची राखीव प्रत लावून बघितली, तीही उघडेना. संध्याकाळ झाली, बशीरचाचा दारातून डोकावले आणि पट्टीतून हळूच म्हणाले, “बेटी, माझ्या नारळानं काही झालं नाही ना?”

“चाचा, तुमच्या नारळाची शपथ, नाही.”

ते हसले नाहीत. चार वर्षं मुके राहून त्यांनी ही पट्टी मिळवली होती. दुसऱ्या दिवशी तिचं काय होणार हे त्यांना कळत होतं.

दसऱ्याला सकाळी कंपनीची गाडी आली. इतक्या तातडीनं त्यांची गाडी मी पहिल्यांदाच बघितली. ‘आपत्कालीन सेवा’ म्हणे. ज्याला हवं त्यानं पट्टी केंद्राला जोडून घ्यावी, तूर्त फुकट. पट्टीला तिथला सर्वसाधारण नकाशा मिळेल, लहर नीट जुळली नाही तरी तो अंदाजानं शब्द लावेल आणि बोलणं सुरू होईल.

माझी आई, तानाक्का, यंत्रमागाच्या कामगारांची खानावळ चालवते. बिहारपासून विजापूरपर्यंतची पोरं तिच्याकडे जेवतात, आणि तिच्या शिव्या खातात. शिव्या ही तिची वाढायची पद्धत आहे. “मुडद्या, अजून एक भाकरी घे, माग काय तुझा बाप चालवनार हाय?” असं म्हटल्याशिवाय तिनं कुणाच्या ताटात भाकरी टाकलेली मला आठवत नाही. दसऱ्याला श्रीखंड-पुरीचा बेत, पंगतीवर पंगत, आणि बाई मुकी. तिनं गाडीकडे बोट केलं. मी मानेनंच विचारलं, नक्की? तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तिची पट्टी मुकाट्यानं जोडून दिली आणि सर्व्हरकडे पळाले.

दुपारी दोन घास खायला खानावळीत गेले तर तिथं तमाशाच चाललेला. कढईवर वाफ, दारात रांग, आणि आई स्वयंपाकीण सुरेखाला सांगत होती, “सुरेखाताई, पुऱ्या जरा लवकर तळाल का, प्लीज?”

सुरेखा पदरात तोंड खुपसून हसत होती. कढईतली पुरी काळी पडली तरी तिला भान नव्हतं. एका कोपऱ्यातून एक पोरगा मला हळूच म्हणाला, “दीदी, अक्काको बुखार है क्या?”

आवाज आईचाच होता. तोच घोगरा, तोच चिरका. शब्द मात्र तिचे नव्हते. मला कारण लगेच कळलं. पट्टीला लहर कळते ती अंदाजानंच. एका लहरीचे चार शब्द निघू शकतात, त्यातला कुठला निवडायचा हे नकाशा ठरवतो. आमच्या नकाशात आईचं तोंड, आईची सवय. केंद्राच्या नकाशात लाखो लोकांचं बोलणं एकत्र केलेलं, त्यातही जास्त ते कार्यालयातलं, फोनवरचं, गिऱ्हाइकाशी केलेलं. वर त्यांची एक सभ्यतेची चाळणी. आईचा जबडा ‘मुडद्या’ म्हणून हलला, की केंद्र म्हणणार, शक्यता कमी आहे, या बाईला ‘दादा’ म्हणायचं असेल.

मी ताट घेऊन कोपऱ्यात बसले. आई आली. माझ्या ताटात श्रीखंड वाढलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिची पट्टी बोलली, “वृषाली बाळा, तू किती दमली आहेस. सावकाश जेव. मला तुझी काळजी वाटते.”

माझा हात ताटातच थांबला. चाळीस वर्षांत माझ्या आईनं मला बाळा म्हटलेलं नाही. दहावीला पहिली आले तेव्हा नाही, लग्न मोडून घरी आले तेव्हाही नाही. आणि मला हे ऐकायचं होतं हो. लहानपणापासून ऐकायचं होतं. तिच्याच आवाजात ते आलं आणि माझे डोळे भरले, धो धो वाहायला लागले. हे कुठल्यातरी कॉल सेंटरमधल्या बायांचं वाक्य आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी थांबेना.

आई चमकली. माझ्या रडण्याचं तिला काही कळेना. ती काय बोलायला गेली होती आणि बाहेर काय पडलं, याचा तिनं क्षणभर विचार केला. मग तिचा चेहरा लालबुंद झाला. तिनं मानेमागं हात घालून पट्टी खेचली, पिठाच्या परातीत फेकली, आणि मुकीच्या मुकी पुऱ्या लाटायला बसली. लाटणं असं आपटत होती की पोळपाट उडत होता. जाताना मी परातीतली पट्टी उचलली, केंद्राची जोडणी काढून टाकली आणि तिच्या शेजारी ठेवली. तिनं तिकडे बघितलंही नाही.

मी अर्धं ताट टाकून उठले. राग आला होता, आणि राग आला की माझं डोकं चांगलं चालतं.

सर्व्हरच्या खोलीत येऊन मी महिन्यापूर्वीची राखीव प्रत लावली. परवानगी नाही. दिवाळीची, जुनी लावली. परवानगी नाही. आता मला सांगा, आजची, कालची, गेल्या दिवाळीची, सगळी दुधं एकदमच नासतात का? डेटा नासलेला नव्हताच. मग मी एक रिकामा डेटाबेस बनवला आणि मशीनच्या मूळच्या, कारखान्यातून आलेल्या जागी ठेवला. टुणकन् उठला! तोच रिकामा डेटाबेस आमच्या माळ्यावरच्या डिस्कवर नेऊन ठेवला. परवानगी नाही.

मी खुर्चीत मागं टेकले. हात्तिच्या!

दोन हजार बेचाळीसच्या महापुरात पंचगंगेचं पाणी या खोलीत छातीएवढं आलं होतं. तेव्हापासून मशीन खाली असलं तरी नकाशे आम्ही माळ्यावरच्या डिस्कवर ठेवतो. अशा मशीनमध्ये एक रखवालदार असतो, कुठल्या प्रोग्रॅमनं कुठल्या खोलीत जायचं याच्यावर नजर ठेवणारा. डेटाबेसला माळ्यावर जाऊ द्यायचं, हे मी त्याला तेव्हाच शिकवून ठेवलं होतं. पण श्रावणात कंपनीचं अपडेट आलं. त्यात रखवालदार बदलला, त्याचे नियम नवे आले आणि मी शिकवलेलं पुसलं गेलं. नवा वॉचमन, त्यानं घरमालकालाच फाटकात अडवलं.

मग श्रावणापासून चाललं कसं? सोपं आहे. नवा रखवालदार कामावर रुजू होतो तो मशीन पुन्हा सुरू झाल्यावर. अपडेट संपल्यावर संदेशही आला होता, सवडीनं रीस्टार्ट करा. दुसरीकडं कुठंही त्याच संध्याकाळी केलं असतं आणि त्याच संध्याकाळी बिघाड कळला असता. आमची सवड म्हणजे खंडेनवमी. दोन महिने नवा वॉचमन दाराबाहेर बसून होता, पूजेला आम्ही त्याला आत घेतलं, आणि सगळं खापर कुंकवावर.

मी साकेतला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“काल रात्री लक्षात आलं,” तो म्हणाला. “दुसरीकडंही झालंय असं. मॅडम, मला नोकरी आहे.”

“मग एक ओळ घालून दे. माळ्यावर जायची परवानगी. एक ओळ.”

“त्या नियमांना कंपनीचं सील आहे. बदल हवा तर अर्ज करा, मंजुरीला पंधरा दिवस लागतात.”

“सभा उद्या आहे.”

“म्हणूनच म्हणतो, तुम्ही हात लावू नका. सील तोडलंत तर मशीन अनधिकृत होईल. पुन्हा अपडेट नाही, मदत नाही, काही नाही. कायमचं. तीनशे माणसांची जबाबदारी एकटीच्या डोक्यावर घेणार आहात का?”

खोटं कशाला बोलू, मी घाबरले. तो म्हणत होता ते खरं होतं. अपडेटशिवाय मशीन चालवणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. उद्या कुणी चोर घुसला, काही बिघडलं, तर विचारायला कुणी नाही. मी बाहेर आले. बशीरचाचा पायरीवर बसले होते. त्यांनी केंद्राची सेवा घेतली नव्हती, त्यामुळे पट्टी गप्प होती. मी त्यांना सगळं सांगितलं, दोन्ही बाजू सांगितल्या. “तुम्ही चेअरमन. काय करू?”

चाचा उठले, हातानं मला आत जायची खूण केली. आतून एक लोखंडी खुर्ची ओढत आणली, सर्व्हरच्या खोलीच्या दारात आडवी लावली, माझ्याकडे पाठ केली आणि ठाण मांडून बसले. आता मी बाहेर पडेपर्यंत आत कुणी येणार नव्हतं.

मी सील तोडलं. स्क्रीनवर लाल पट्टा आला: हे यंत्र आता अनधिकृत आहे. असू दे! ती एक ओळ घातली, रखवालदाराला नियम पुन्हा वाचायला लावले आणि डेटाबेसला हाक मारली. उठला. नकाशे मोजले, एकही कमी नव्हता. मी त्या मशीनला मिठी मारली आणि गालाला कुंकू लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या पट्ट्यांनी आमच्याच सर्व्हरकडून नकाशे घेतले. मी न्हाऊन बाहेर येते तो खानावळीतून आवाज आला, “मेलीस का काय तितं? दोन दिस झालं पोटात अन्न न्हाई, हाडकं वर आल्यात निस्ती. ये, गिळ आदी!”

मी गेले आणि गिळलं. चार भाकऱ्या. बाळा नाही, काळजी नाही, तरी सगळं त्यातच होतं, आणि ते तिचं होतं. मी एकदा विचारलं, “आई, काल दुपारी तू मला काय म्हणालीस गं?” ती म्हणाली, “ह्येच म्हनत हुते. गप खा.”

सभा सूतगिरणीच्या हॉलमध्ये होती. हॉल गच्च भरलेला. साकेत स्वतः आला होता, इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉप. तसा पोरगा वाईट नव्हता, माझ्याकडे बघायचं टाळत होता. चेअरमननी विषय मांडताच तो उभा राहिला.

“काल संध्याकाळी तुमच्या सर्व्हरचं सील तोडण्यात आलं. ही माहिती सभासदांना असावी. आजपासून कंपनी या यंत्राला जबाबदार नाही. अपडेट येणार नाहीत. तो उद्या बंद पडू शकतो, आणि मग तुम्ही कायमचे मुके. आमच्या केंद्रात असं होत नाही. तिथं तुम्ही आजही बोलाल, उद्याही बोलाल.”

हॉलमध्ये चुळबुळ झाली. पुढच्या रांगेतली माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. त्यात राग नव्हता, भीती होती, आणि भीती माझ्या अंगावर जास्त आली. कुणीतरी विचारलं, “बंद पडंल का गं पोरी?”

“पडेल,” मी म्हणाले. “कधीतरी पडेलच. यंत्र आहे.”

हे ऐकून आणखी चार माना खाली गेल्या. साकेतनं घसा साफ केला. “तर मग, कुणाचा विरोध नसेल तर ठराव आवाजी मतदानानं...”

“थांब रे भाड्या!”

आई उभी राहिली होती. पदर खोचलेला, हाताला अजून पीठ.

“तुज्या त्या केंद्रातनं काल मी आर्धा दिस बोलले. माज्या स्वयंपाकनीला पिलीज म्हनाले! चाळीस वर्सं पोरं पोसली मी, कुनी उपाशी उठलं न्हाई माज्या दारातनं, आनि काल एकानं परत पुरी मागितली न्हाई. का? तर अक्का आजारी हाय म्हनून! आरं, तू आमाला बोलतं करनार का गप करनार? कुनाच्या तरी दुसऱ्याच्या तोंडानं गोड बोलन्यापरास मी मुकी मरंन, पन माजं त्वांड तुला देनार न्हाई. मुडदा बशिवला तुज्या केंद्राचा!”

हसणं पट्टीला कळत नाही. हसताना स्नायूंना हुकूमच वेगळा जातो, त्याचा नकाशा अजून कुणाला जमलेला नाही. त्यामुळे तो सगळा हॉल हसला तो बिनआवाजी. खांदे हलत होते, पोटं गदगदत होती, म्हातारे डोळे पुसत होते, आणि खुर्च्या करकरण्यापलीकडं काही ऐकू येत नव्हतं. साकेतला ते काय चाललंय हेच कळेना. तो उभ्या उभ्या घामाघूम झाला.

“आई, तुमच्या भावना मी समजू शकतो,” तो म्हणाला. “पण माझा प्रश्न साधा आहे. उद्या बंद पडला तर बघणार कोण?”

“कोन म्हंजे? ही बसलीया की हितं.” आईनं पिठाचं बोट माझ्याकडं केलं. “हिचे काय हात मोडल्यात?”

मग तीच माझ्याकडं वळली. “मोडल्यात का गं?”

सगळा हॉल माझ्याकडं बघत होता. सगळ्यांचे आवाज, एकटीच्या गळ्यात.

“नाही,” मी म्हणाले.

“मोठ्यानं सांग की. त्वांड हाय न्हवं तुला?”

मी खुर्चीवर चढले आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडले, “न्हाईत मोडले!”

बशीरचाचांनी पहिला हात वर केला, ठरावाच्या विरोधात.